आमची वाटचाल : टिंब की रेघ?

भंगार प्लास्टिकचा पुन्हा दाणा करायचा धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडे एक ग्राइंडर होता, प्लास्टिक वितळवून दाबाने बाहेर काढणारा एक जुना एक्स्ट्रुडर होता आणि एक भाबडी समजूत होती, की प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. दळा, वितळवा, दाणा पाडा, विका. पहिल्याच मोठ्या लॉटमध्ये ती समजूत मोडली. बादल्याही मोडल्या.

आमच्या दाण्याच्या बादल्या एचडीपीई या एका जातीच्या प्लास्टिकच्या होत्या, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. भरलेली बादली उचलली की कान तुटून कडी हातात यायची. तुटल्या जागी पाहिलं तर पापुद्रे सुटलेले. भंगारात पीपी या दुसऱ्या जातीचे डबे आणि झाकणं मिसळली होती. एचडीपीई साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळतं, पीपी 165 च्या आसपास. मशीनमध्ये दोन्ही पातळ होतात, पण एकजीव होत नाहीत. त्यात पुन्हा दोन्ही पाण्यावर तरंगतात, म्हणजे धुण्याच्या टाकीतही वेगळी होत नाहीत.

टाकीचं गणित एरवी फार सुरेख आहे. पाण्याची घनता 1, पीपीची 0.90, एचडीपीईची 0.95, आणि पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची, 1.38. बाटल्यांचा चुरा पाण्यात सोडला की झाकणांचे तुकडे वर येतात आणि पेट तळाशी बसतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निवडाईला माणसं लावायची गरजच संपली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मग पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकने इंगा दाखवला. आमचा पेटचा फ्लेक, म्हणजे धुतलेला चुरा, धागा काढणाऱ्या कारखान्याला जायचा. एक अख्खा लॉट परत आला, वितळवल्यावर पिवळट पडून मधे काळे ठिपके आले म्हणून. पेट वितळायला सुमारे 260 अंश लागतात, आणि तिथवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी पीव्हीसी करपतं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो पेटलाही खराब करतो. थोडंसं पीव्हीसीही पुरतं. आणि ते पेटसारखंच बुडतं, त्यामुळे टाकी इथेही कामाची नाही. आमच्या लॉटमध्ये बाटल्या पेटच्याच होत्या; त्यांच्यावर घट्ट आकसून बसवलेली लेबलं पीव्हीसीची होती.

तेव्हापासून लेबल आधी, ग्राइंडर नंतर. निवडाईचं टेबल परत मांडलं. तिथल्या सर्वांत जुन्या मावशींनी मला जे शिकवलं ते मशीनच्या पुस्तकात नव्हतं. त्या बाटली उलटी करून बूड बघतात. मधोमध टिंब असलं की पेट, आडवी रेघ असली की बाजूला. कारण मला नंतर उमगलं. पेटच्या बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीचा छोटा साचेबंद तुकडा, आधी इंजेक्शनने, म्हणजे वितळलेला माल साच्यात दाबून, बनतो; माल जिथून साच्यात शिरतो तिथे टिंब राहतं. पीव्हीसीची बाटली सहसा गरम नळी फुगवून करतात. साचा मिटताना नळीचं तोंड चिमटलं जातं, त्याची ती रेघ. तरी शंका राहिली तर बाटली दुमडायची. घडीवर पांढरा ओरखडा उठला की पीव्हीसी.

आणि वस्तूच्या बुडाशी असतो तो त्रिकोणातला आकडा? 1988 पासून 1 ते 7 हे आकडे वापरात आहेत, पण त्यांतून फक्त जात कळते, प्रत कळत नाही. 2 म्हणजे एचडीपीई; तो आकडा बाटलीवरही असतो आणि बादलीवरही. बाटलीचा माल घट्ट वाहतो, कारण फुगवताना नळी ओघळता कामा नये. तोच माल इंजेक्शनच्या साच्यात घातला तर कोपरे भरतच नाहीत. आता आमच्याकडे बाटलीचा दाणा पाइपला जातो, बादली-क्रेटचा पुन्हा इंजेक्शनला. बहुथरांची पाकिटं आम्ही घेत नाही. वेगळं पॉलिमर, वेगळी फिल्म, मधे कधी अॅल्युमिनियम, ते सोडवायची सोय आमच्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र अजून बोचते. रंगीबेरंगी भंगाराचा दाणा मळकट हिरवा येतो, म्हणून आम्ही त्यात काळा मास्टरबॅच, म्हणजे दाट रंगाचा दाणा, घालून कुंड्या काढायचो. पुढे कळलं की मोठ्या प्लांटमधली निवडाईची बरीचशी इन्फ्रारेड यंत्रं काळा माल ओळखू शकत नाहीत, कारण त्यातली काजळी, कार्बन ब्लॅक, तो प्रकाश शोषून घेतो. म्हणजे आमचीच कुंडी उद्या निवडाईत सापडणार नाही. आता एका साच्यात काळा न घालता, येईल त्या रंगाच्या कुंड्या काढतो आहोत. गिऱ्हाईक अजून काळीच मागतं.