पट बाराचा, संघ नऊचा

पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या डोंगरावरची एखादी वाडी घ्या. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पट १२, त्यात मुली ६. खो-खोला एका वेळी ९ जणी लागतात, कबड्डीला ७. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धांचं पत्रक हातात पडतं तेव्हाच ही शाळा सांघिक खेळांतून बाद झालेली असते. मग दोन मुलं धावायला आणि एक लांब उडीला येतं, उरलेली नऊ वर्गात किंवा घरी. हे चुकीचं आहे, आणि थोडी आखणी केली तर टळतं. लहान शाळांचं केंद्र असेल तर खेळांची यादी पटाकडे बघून करायला हवी. आधी यादी करून मग मुलं शोधत बसलं की लहान शाळा हरलीच.

हे काम डिसेंबरात सुरू केलं तर उशीर झाला म्हणायचा. शिक्षकांच्या ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत केंद्रातल्या सगळ्या शाळांचा इयत्तावार, मुलगे-मुली असा वेगळा पट फळ्यावर लिहून घ्यावा. ज्या शाळांचा संघ होत नाही त्यांच्या जोड्या तिथेच लावाव्यात. जोडी लावताना नकाशावरचं अंतर बघू नये, पायवाट बघावी. दोन वाड्या समोरासमोर दिसतात, पण मधे ओढा असला तर पावसाळ्यात मुलं एकत्र सरावाला येऊच शकत नाहीत. संयुक्त संघ केंद्रात खेळवायला हरकत नसते, पण तो पुढे बीट (काही केंद्रांचा मिळून विभाग) आणि तालुक्याला चालणार का, हे त्या वर्षीचं पत्रक वाचून आधीच सांगून टाकावं. जिंकल्यावर मैदानात हे सांगितलं की मुलं रडतात आणि पालक भांडतात.

दुष्काळी पट्ट्यात अडचण वेगळी. माण, जत, आटपाडीकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं सोडली, तर ऑगस्टमध्ये केलेला संघ डिसेंबरात अर्धा होतो. म्हणून अशा शाळांनी सांघिक सामने सहामाही परीक्षेआधीच उरकावेत. पाटण-महाबळेश्वरकडे नेमकं उलटं, तिथे ऑक्टोबरपर्यंत मैदानात पाणी. एकच तारीख अख्ख्या जिल्ह्याला लावली की कुणाच्या तरी पोरांवर अन्याय होतोच.

आता मैदान. लहान गटाला कबड्डीचं ११ बाय ८ मीटरचं मैदान पुरतं. आखणीत सगळ्यात जास्त चुका काटकोनात होतात. दोरीला ३, ४ आणि ५ मीटरवर खुणा करून त्रिकोण ताणला की कोपरा मिळतो. तरी शेवटी दोन्ही कर्ण मोजायचेच. ११ बाय ८ चा कर्ण १३.६० मीटर येतो. एक १३.६० आणि दुसरा १३.९० आला तर मैदान तिरकं आहे, पुन्हा आखा. सुतळीवर मापं धरू नयेत. ताणली की ती वाढते आणि दवाने आखडते. टेपच वापरावी. ११ मीटरच्या बाजूचा मध्य काढून मध्यरेषा ओढायची, तिच्यापासून दोन्हीकडे ३ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा. ११ मीटरच्या दोन्ही कडांना आतल्या बाजूने १-१ मीटर राखीव क्षेत्र सोडायचं. पंचांनी सामन्याआधी मुलांना दोन गोष्टी मोठ्याने सांगाव्यात: समोर किमान सहा खेळाडू असतील तरच बोनस मिळतो, आणि झटापट झाल्याशिवाय राखीव क्षेत्रात पाय टाकला तर बाद. निम्मे वाद याच दोन गोष्टींवरून होतात.

रेषांना फक्की वापरायची, चुना नाही. कळीचा चुना तर मैदानाजवळही आणू नये. तो ओल लागली की तापतो, आणि चढाईत तोंडावर पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. विरवलेला चुनाही डोळ्याला आणि खरचटलेल्या कातडीला वाईटच. रांगोळीसारख्या दगडाची भुकटी घ्यावी. एका कबड्डी मैदानाच्या सगळ्या रेषा मिळून साधारण १०० मीटर भरतात, त्याला १०-१२ किलो पुरते. कृष्णाकाठच्या काळ्या रानात आदल्या संध्याकाळी हलकं पाणी मारावं. सकाळी मारलं तर पाय चिकटतात आणि घोटे मुरगळतात. माणदेशातल्या मुरमाड माळावर खडे वेचून वर दोन बोटं चाळलेली माती पसरल्याशिवाय पकड खेळवूच नये. गुडघा सोलवटला की ते पोर पुढच्या वर्षी नाव देत नाही.

खो-खोचे खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर आणि जाडीला ९-१० सेंटिमीटर असावेत. जमिनीत निदान ४५ सेंटिमीटर गाडा, म्हणजे एकूण १६५ चा खांब कापावा लागतो. नुसती माती लोटून भागत नाही. भोवती दगड ठोकून बसवले नाहीत तर दुसऱ्या डावातच खांब हलायला लागतो, कारण पळणारा त्याला धरूनच वळण घेतो. वरची कड गोल घासलेली हवी. लहान गटात पाच-पाच मिनिटांचे डाव ठेवले तर दिवसभरात सगळे सामने होतात. मुलांची नेहमीची चूक अशी की पाठीला हात लागण्याआधीच उठतात, किंवा खो देणारा आधी ओरडतो आणि मग स्पर्श करतो. सरावात आठवडाभर पळापळ न करता नुसतं ‘स्पर्श, खो, उठ’ हेच करून घेतलं तर पुढे शिट्ट्या कमी वाजतात.

संघ होतच नसेल अशा शाळेसाठी धावणं आणि उड्या ही खरी संधी. मल्ल खाशाबा जाधव गोळेश्वरचे, धावपटू ललिता बाबर माणची, तिरंदाज प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आणि तिघांचेही खेळ वैयक्तिकच. म्हणून लहान पटाच्या केंद्रात वैयक्तिक प्रकार भरपूर ठेवावेत आणि त्यांना दुय्यम मानू नये. ५० आणि १०० मीटर, लांब उडी, चेंडूफेक, मोठ्या गटाला ६०० मीटर, आणि चौघांची मिश्र रिले, दोन मुली दोन मुलगे. बारा पटाच्या शाळेतूनही एवढे चौघे सहज निघतात.

२०० मीटरची गोल धावपट्टी चार पट्ट्यांसह आखायला सुमारे ८८ बाय ४८ मीटर सपाट जागा लागते. सरळ बाजू ४० मीटर, आणि आतल्या रेषेची त्रिज्या १८.९० मीटर. मूल रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून धावतं असं धरलं की वळणाची त्रिज्या १९.१० होते आणि फेरी बरोबर २०० भरते. पट्ट्या १.२२ मीटरच्या असतील तर एका फेरीसाठी दुसऱ्या पट्टीची सुरुवात ७.६७ मीटर पुढे, तिसरीची १५.३३ आणि चौथीची २३ मीटर पुढे. हे अंतर न देता सगळ्यांना एका ओळीत उभं केलं की बाहेरच्या पट्टीतलं मूल २३ मीटर जास्त धावतं. दर वर्षी कुठे ना कुठे हे घडतंच.

बहुतेक वाड्यांत एवढी जागा नसते. मग रिले समोरासमोर घ्यावी: ५० मीटरची सरळ पट्टी, दोघं या टोकाला, दोघं त्या टोकाला. समोरून येणाऱ्याशी धडक होऊ नये म्हणून घेणाऱ्याने रेषेच्या मागे उभं राहायचं आणि दोघांनीही उजव्या हाताने बॅटन द्यायचं-घ्यायचं. बॅटन विकत आणायची गरज नाही. सव्वा इंची पीव्हीसी पाइप ३ मीटर घेतला की त्यात प्रत्येकी २९ सेंटिमीटरची दहा होतात. टोकं पॉलिश पेपरने घासा, नाहीतर तळहात कापतो.

वेळ लावणाऱ्याने शिट्टी ऐकून घड्याळ दाबू नये. शंभर मीटरवर आवाज पोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात आणि पहिल्या-दुसऱ्यातला फरक कधीकधी त्याहून कमी असतो. सुरुवात करणाऱ्याने शिट्टीबरोबर निशाण खाली आणावं, वेळ निशाणावर धरावी. अंतिम रेषेच्या अगदी सरळीत एक मोबाइल तिपाईवर लावून चित्रण चालू ठेवलं की पालकांशी वाद घालावा लागत नाही.

लांब उडीच्या खड्ड्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त काटकसर होते आणि इथेच हात मोडतात. ५ मीटर लांब, २.७५ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल खड्डा भरायला साधारण दीड ब्रास वाळू लागते. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड टाकतात. ती कडक बसते, खडे टोकदार असतात. त्याऐवजी चाळलेली माती आणि लाकडाचा भुसा निम्मं-निम्मं मिसळावं आणि दर सात-आठ उड्यांनंतर फावड्याने सैल करावं. लहान गटाला उडीची रेषा खड्ड्यापासून १ मीटरवर पुरे. मोजमाप रेषेपासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत काटकोनात घ्यायचं. मूल मागे हात टेकून बसलं तर हाताची खूण धरतात, पायाची नाही. हे मुलांना आधी सांगा, म्हणजे ती पुढे झुकून पडायला शिकतात.

दिवस उजाडताना जी चूक होते ती पोटाची. वाडीवरून सहा-साडेसहाला निघालेली मुलं चहावर आलेली असतात. दहा वाजता शर्यत, साडेदहाला चक्कर. पोचल्याबरोबर केळं किंवा गूळ-शेंगदाणे द्या, मग उद्घाटनाची भाषणं. जेवणाचा हिशोब पोषण आहाराच्या प्रमाणाने करता येतो: पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. लहान १५० आणि मोठी ६० मुलं आली तर २४ किलो तांदूळ आणि ४ किलो ८०० ग्रॅम डाळ. पाणी माणशी दीड लिटर धरलं तर २० लिटरचे सोळा जार, आणि ते मैदानाच्या दोन टोकांना विभागून. पाणी एकाच ठिकाणी असलं की लहान मुलं गर्दीत मागे राहतात आणि न पिताच परततात.

येण्याजाण्यासाठी वडाप (खासगी जीप) ठरवताना माणसं मोजून बसवा. बारा मुलं आणि दोन शिक्षक एका जीपमध्ये बसत नाहीत, दोन फेऱ्या करा. पालकांची संमतीपत्रं आणि जनरल रजिस्टरवरून काढलेले जन्मतारखेचे दाखले मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने आदल्या दिवशीच एका फाइलमध्ये लावावेत. वयाची हरकत तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावी, आणि सामना सुरू होण्याआधीच.

लेझीम हा या भागातल्या शाळांचा हक्काचा प्रकार आणि लहान पटाला सोयीचा, कारण बारा जण दोन ओळींत सुंदर दिसतात. मात्र हलगीच्या तालावर थेट उभं करू नका. आधी तोंडी एक-दोन-तीन-चार मोजत चार आवाज पक्के करा, मग आठ आवाज, आणि मगच पाय. दांड्याची कडी सैल असेल तर चकत्या सुटून पायावर पडतात, म्हणून सरावाआधी प्रत्येक लेझीम हलवून बघावी.

बालबाजार, म्हणजे मुलांनीच मांडलेली दुकानं, आठवड्याच्या बाजारादिवशी भरवू नये, गिऱ्हाईक मिळत नाही. सुट्टे पैसे प्रत्येक मुलाकडे किमान पन्नास रुपयांचे हवेत, आणि वजनकाटा चौथीच्याच मुलांच्या हाती द्या. गुरुजींनी बेरीज करून दिली की त्या दिवसाचं गणित संपलं.

गुण देताना आमचा आग्रह एकाच गोष्टीचा. विजेतेपदाच्या ढालीबरोबर सहभागाची ढाल ठेवा आणि ती पटाच्या टक्क्यावर द्या. बारापैकी अकरा मुलं मैदानात उतरवणाऱ्या शाळेने दीडशेतली वीस आणणाऱ्या शाळेपेक्षा जास्त काम केलेलं असतं. निकालपत्रकात प्रत्येक मुलाची वेळ आणि उडीचं माप लिहून त्याची एक प्रत शाळेत पाठवा. पुढच्या वर्षी तेच मूल स्वतःच्या आकड्याशी शर्यत लावतं.

आणि संध्याकाळी खो-खोचे खांब उपटल्यावर ते खड्डे त्याच दिवशी बुजवून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठाला पोरं त्याच जागी धावत येतात.