लाल टोपण
आजचा अख्खा दिवस धाकट्या बहिणीबरोबर ओपीडीत गेला. आठवडाभर म्हणत होती, उजवा डोळा फिरवला की आत दुखतं आणि धूसर दिसतं. आम्ही शहाण्यांनी आधी चष्म्याचा नंबर बदलून आणला. पैसे गेले, धूसर तसंच.

डॉक्टरबाईंनी आधी कुठलं मशीन लावलंच नाही. ड्रॉप्सच्या बाटलीचं लाल टोपण समोर धरलं आणि एकेक डोळा झाकायला लावला. "डाव्याने कुंकवासारखं. उजव्याने… धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखं." बाई म्हणाल्या, "हेच ऐकायचं होतं." मग टॉर्च. उजेड डाव्यावरून उजव्यावर आला की बाहुली आकसायची सोडून चक्क मोठी व्हायची! मीही पाहिलं. म्हणजे बिघाड चष्म्याच्या नंबरात नव्हताच. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुजलीय. ऑप्टिक न्यूरायटिस.

बाई म्हणाल्या, सलाईनमधून स्टेरॉइड द्यायचं. "सलाईन कशाला, गोळ्याच द्या ना," मी आगाऊपणाने म्हणालो. बाईंनी शांतपणे सांगितलं: अमेरिकेत 457 रुग्णांवर चाचणी झाली, 1992 साली निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या डोसच्या नुसत्या स्टेरॉइड गोळ्या घेतलेल्यांना हा त्रास पुन्हा जास्त वेळा झाला. शिरेतून मोठा डोस दिला की नजर लवकर परतते. पण सहा महिन्यांनी औषध घेतलेले, न घेतलेले, फारसा फरक उरत नाही. मी गप्प.

उद्या मेंदूचा एमआरआय, एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) चट्टे आहेत का बघायला. आईला अजून "चष्म्याचंच काम आहे" एवढंच सांगितलंय.