बाजूचं दार काढून भिंत: सांगाडा उभा, बाहेरचं कवच पूर्ण

जेवणाच्या खोलीतून बाजूच्या अंगणात उघडणारं दार आम्ही कायमचं बंद करतोय. त्याबाहेरचा डेक (लाकडी ओटा) कुजल्यामुळे आधीच उतरवला होता, त्यामुळे दार उघडून पाऊल ठेवायलाच जागा नव्हती. शिवाय आतून त्या भिंतीला सलग कपाट हवंय. घर न्यू जर्सीतलं, 1980 च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं, बाहेरून व्हायनिल साइडिंग (प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांचं आवरण). टाऊनशिपमधून परमिट काढलंय. पुढचं दार बाहेर पडायला आहेच, तेव्हा हे काढायला नियमाची आडकाठी नव्हती. तुमचं घर 1978 च्या आधीचं असेल तर मात्र काहीही तोडण्याआधी रंगात शिसं आहे का ते तपासून घ्या.

दार चौकटीसकट काढणं सोपं. आतली-बाहेरची पट्टी सोडवायची, चौकट आणि स्टडच्या (भिंतीतल्या उभ्या लाकडाच्या) फटीत रेसिप्रोकेटिंग सॉ (पुढे-मागे चालणारी विजेची करवत) घालून खिळे कापायचे, की चौकट अख्खी बाहेर येते. खरा वेळ त्यानंतर लागतो, कारण उंबरठा निघाल्यावर खालचं लाकूड पहिल्यांदा नजरेला पडतं. आमच्याकडे एका कोपऱ्यात सबफ्लोअरची (फरशीखालच्या प्लायवूडची) कड काळी पडली होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर जोर न लावता अर्धा इंच आत गेलं आणि बाहेर आला तो ओला भुसा. तिथून आतल्या बाजूला थोड्या थोड्या अंतरावर टोचत गेलो. जिथं टोक अडलं, त्याच्याही पुढच्या जॉइस्टपर्यंत (जमीन पेलणाऱ्या तुळईपर्यंत) प्लायवूड कापलं, आधाराला आडवे ठोकळे दिले आणि पाऊण इंची नवा तुकडा बसवला. खालचा रिम जॉइस्ट (बाहेरच्या कडेची तुळई) सुदैवाने टणक निघाला. ही तपासणी झाल्याशिवाय वर एकही स्टड उभा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

सांगाड्यात फार काही नाही. दारावरचा हेडर (आडवी तुळई) आणि त्याला पेलणारे दोन्ही बाजूंचे जॅक स्टड जसेच्या तसे ठेवले. वरचा भार ते आजही वाहतायत, त्यांना हात लावायचं कारणच नाही. 38 इंचांच्या मोकळ्या जागेत खाली-वर आडवी पट्टी, दोन्ही कडांना एकेक टू-बाय-फोर (नावाला दोन बाय चार इंची) स्टड आणि मध्ये दोन. मधले दोन मात्र जागेच्या मधोमध भागून लावले नाहीत. जुन्या भिंतीतल्या स्टडची दर 16 इंचांची मापं तशीच पुढे आणली, म्हणजे उद्या कपाट अडकवताना स्टड हिशोबाने सापडतील. प्रत्येक स्टडला ओळंबा लावून पाहिला.

आता पाणी. दार बुजवणं हे सुतारकाम वाटतं, पण भिंत टिकते ती पावसाचं पाणी बाहेरच्या बाहेर उतरलं तर. साइडिंग सगळं पाणी अडवत नाही. त्यामागचा कागद आणि त्याचे सांधे हेच खरं संरक्षण. नवं ओएसबी (दाबलेल्या लाकडी चकत्यांचा बोर्ड) घेण्याआधी जुन्या शीदिंगची (सांगाड्यावर ठोकलेल्या बोर्डाची) जाडी मोजा. आमची 7/16 इंच होती, तेवढ्याच जाडीचं ओएसबी लावलं, म्हणून बाहेरचा पृष्ठभाग एका पातळीत आला. जुना डांबरी कागद वरच्या बाजूला कापून न टाकता उचलून धरला आणि नवा हाऊसरॅप (पाणी अडवणारं पातळ आवरण) त्याच्याखाली सरकवला. खालच्या कडेला उलट, तिथं नवा जुन्याच्या वर. कौलं रचतात तसंच, वरचं नेहमी खालच्यावर. दोन्ही बाजूंना सहा इंचांहून जास्त पदर दिला. डांबरी कागदावर टेप नीट धरत नाही, त्यामुळे टेपच्या भरवशावर पदर आखूड ठेवू नका. तासभर जास्त गेला तरी चालेल, पण हा क्रम चुकायला नको.

साइडिंग दाराच्या कडेलाच जोडलं असतं तर दोन उभ्या रेघा कायम दिसल्या असत्या. म्हणून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या झिप टूलने (पट्ट्यांची अडकण सोडवणाऱ्या आकड्याने) उकलून बऱ्याच लांबपर्यंत काढल्या आणि सांधे प्रत्येक ओळीत मागे-पुढे घेतले. उन्हाने विटलेल्या रंगाशी नव्या पट्ट्या जुळत नाहीत, तेव्हा गॅरेजच्या मागची जुनी साइडिंग इथं लावली आणि नवी तिकडे, जिथं कुणाची नजर जात नाही. खिळा खाचेच्या मध्यावर आणि डोक्याखाली सुमारे 1/32 इंच फट ठेवून. पट्टी लावल्यावर हाताने डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. घट्ट ठोकलेलं व्हायनिल उन्हाळ्यात फुगून लाटा धरतं.

आतलं काम बाकी आहे. दार गेल्यामुळे भिंत सलग झाली आणि इथल्या नियमाप्रमाणे तिच्या कडेने कुठूनही 6 फुटांच्या आत सॉकेट हवं, म्हणून एक नवं टाकतोय. दाराशेजारच्या बाहेरच्या दिव्याचं बटणही हलवायचंय. जुन्या जोडणीचा डबा ड्रायवॉलमागे (आतल्या जिप्समच्या बोर्डामागे) गाडता येत नाही, त्याला झाकण लावून तो हाताशी राहील असाच ठेवावा लागेल. सांगाडा आणि वायरिंग इन्स्पेक्टरने पाहिलं की आर-13 चं (उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं माप) इन्सुलेशन, कागदी बाजू खोलीकडे करून, आणि मग अर्धा इंची ड्रायवॉल. जुन्या ड्रायवॉलशी सांधा बेमालूम करायला कुणी कुठलं कंपाउंड (सांधे भरायचं लुकण) वापरलंय ते जरूर सांगा, मी लवकर सुकणारं घ्यायच्या विचारात आहे.