पुलाची जागा बघायला गेलो आणि बस चुकली

इंग्लंडच्या उत्तरेला डरॅमला गेलो ते लेकीच्या पदवीदानाला. (‘डरहॅम’ म्हणायचं नाही, ‘ह’ गिळायचा, हे तिने विमानतळापासून तीनदा बजावलं.) समारंभ तिथल्या कॅथीड्रलमध्ये. १०९३ साली बांधायला घेतलेली इमारत, डोक्यावर दगडी फासळ्यांचं छत. मी मान वर करून ते बघत बसले आणि लेकीचं नाव पुकारलं तेव्हा माझा फोन पर्समध्येच होता. तो विषय घरात अजून निघतो. लंडनचे चार दिवस रांगांत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

खरी सहल आमच्या ह्यांची होती. हे रेल्वेतून निवृत्त, त्यात ठाणेकर. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, एवढा ऐवज आमच्याकडे आल्यागेल्याला चहाबरोबर मिळतोच. आणि डरॅम काउंटी म्हणजे ह्यांच्या लेखी तमाम रेल्वेचं आजोळ. २७ सप्टेंबर १८२५ ला शिल्डनहून जॉर्ज स्टीफन्सनचं ‘लोकोमोशन’ हे इंजिन सुटलं आणि डार्लिंग्टनवरून स्टॉक्टनला पोचलं. माणसं बसली होती कोळशाच्या वाघिणींत, आणि इंजिनापुढे एक घोडेस्वार झेंडा घेऊन. वाफेच्या इंजिनाने चालणारी जगातली पहिली सार्वजनिक रेल्वे ती हीच.

आम्ही गेलो तेव्हा ते इंजिन शिल्डनच्या संग्रहालयात होतं. त्याआधी दीडशेहून जास्त वर्षं ते डार्लिंग्टनकरांकडे. २०२१ मध्ये इकडे आणलं तेव्हा दोन्ही गावांत चांगलीच जुंपली होती. गाडीने वीसेक मिनिटांचं अंतर, पण कुणाचा मान मोठा यावर भांडण. हे म्हणाले, ‘गाडी पोचली स्टॉक्टनला, मान स्टॉक्टनचा.’ ठाणेकर दुसरं काय म्हणणार!

संग्रहालयाबाहेर एक लोखंडी पूल आहे. १८२३ चा, गॉनलेस नदीवरचा, रेल्वेच्या लोखंडी पुलांतला अगदी पहिल्या काहींपैकी. डोळ्याच्या आकाराच्या वाकवलेल्या पट्ट्या आणि मधे उभ्या सळ्या, एखाद्या जुन्या वाड्याच्या खिडकीला शोभेल असा. मला तो इंजिनापेक्षा आवडला. इथवर सगळं ठीक होतं. मग ह्यांनी जाहीर केलं की पूल पाहिला, आता तो जिथून उचलला ती जागा बघायची.

ती जागा वेस्ट ऑकलंड नावाच्या गावात. दोन बाजूंना दगडी बांधकाम, मधून ओढ्याएवढी नदी. गॉनलेस या नावाचा जुन्या नॉर्स भाषेत अर्थ ‘निरुपयोगी’. हे मला तिथे पोचल्यावर सांगण्यात आलं. पायाला काहीतरी खाजरं झाडोरं लागलं. ह्यांनी रिकाम्या हवेचे अकरा फोटो काढले आणि त्या नादात आमची बस गेली. पुढची तासाने. थांब्यावर छप्पर नाही, वरून भुरभुर पाऊस.

गावाच्या हिरवळीवर एक पुतळा आहे, एक खाणकामगार आणि एक फुटबॉलपटू. त्याच्याशेजारी एक आजोबा कुत्रा घेऊन उभे होते. कुत्र्याने चबुतऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून पट्टा गुंडाळून ठेवलेला. तो सोडवता सोडवता त्यांनी मला ‘पेट’ अशी हाक मारली (तिकडे ही ‘बाळा’सारखी हाक आहे, मी आधी कुत्र्याकडे बघितलं) आणि कुठले म्हणून विचारलं. झालं! हे सुरू झाले. बोरीबंदर, २१ तोफांची सलामी, सगळं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लग्नाला तीस वर्षं झाली, असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मग ते शांतपणे म्हणाले, ‘छान. आम्ही वर्ल्ड कप जिंकलाय.’

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण गोष्ट खरी निघाली. १९०९ मध्ये इटलीत तुरिनला स्पर्धा झाली, कप दिला सर थॉमस लिप्टननी, तेच चहावाले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने संघ पाठवायला नकार दिला आणि गेलं कोण, तर हे गाव. खेळाडूंत बरेचसे कोळशाच्या खाणीत राबणारे. जर्मन संघाला हरवलं, अंतिम सामन्यात स्विस संघाला. १९११ मध्ये परत गेले आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला, म्हणजे इटलीतल्या नावाजलेल्या क्लबला, हरवलं. सहा-एक. ‘सहा’ दाखवायला आजोबांनी पट्टा तोंडात धरला आणि दोन्ही हात वर केले.

‘फिफाचा पहिला वर्ल्ड कप १९३० चा, उरुग्वेतला,’ हे पुटपुटले. मी मराठीतच आठवण करून दिली की मद्रासकडे १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती, आपल्याही ‘पहिली’ला ‘प्रवासी’ जोडावं लागतं. मग हे पावसाकडे बघत बसले.

पुढचं मात्र आजोबा जास्त रंगून सांगत होते. दोनदा जिंकल्यामुळे कप कायमचा गावाचा झाला. पण क्लब कर्जात होता, म्हणून तो कप गावातल्या हॉटेलच्या मालकीणबाईंकडे ४० पौंडांना गहाण पडला. १९६० मध्ये १०० पौंड भरून सोडवून आणला. आणि १९९४ मध्ये चोरीला गेला! आता गावात आहे ती नक्कल. आपल्याकडे घरातलं गहाण कुणी परक्याला सांगेल? आणि प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’. आम्ही गेलो, आम्ही हरवलं, आम्ही गहाण टाकला. १९११ मध्ये त्यांचे वडील तरी जन्मले होते की नाही कोण जाणे.

बस आली तेव्हा आजोबा बाहीने पुतळ्यातल्या खेळाडूचा बूट पुसत होते. ह्यांनी खिडकीतून हात केला, आणि वर सहा बोटं दाखवली.

संध्याकाळी डरॅमला दुकानात शिरून ह्यांनी लिप्टन चहा मागितला. नव्हता.