पेटंट कायदा बदला, पण कुणासाठी?

हिंजवडीतले आमचे आयटीवाले मित्र चहाला भेटले की एकच रडगाणं, आपला पेटंट कायदा जुनाट आहे, रिफॉर्म पाहिजे. नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट देत नाहीत, अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो वगैरे. अर्ज पडून राहतात हे मान्य, एक्झामिनर वाढवा की, कुणी अडवलंय? पण गाडी तिथून कलम ३(डी) वर घसरली की माझं डोकं फिरतं.

३(डी) म्हणजे काय, तर जुन्याच औषधाचं नुसतं सॉल्ट (म्हणजे त्याच औषधाचं क्षाररूप) बदलून आणलंत तर गुण जास्त येतो हे दाखवा, नाहीतर पेटंट विसरा. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस या औषध कंपनीला ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या केसमध्ये हेच सांगितलं. आणि टीबीच्या बेडाक्विलिनचं बघा, मूळ पेटंट जुलै २०२३ ला संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा त्याच्या फ्युमरेट सॉल्टवर वेगळा अर्ज होता, तो पास झाला असता तर मक्तेदारी थेट २०२७ पर्यंत. त्याला आडव्या कोण गेल्या, तर टीबीतून बऱ्या झालेल्या दोघीजणी, मुंबईची नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, आणि दोघींचेही कान टीबीच्या जुन्या औषधांनी गेलेले. २०१९ ला त्यांनी विरोध नोंदवला, मार्च २०२३ ला अर्ज फेटाळला गेला.

आता २०२४ चे नवे रूल्स. पेटंट मिळायच्या आधी असा विरोध करायला पूर्वी फी नव्हती, आता आहे, वर विरोध ऐकण्यासारखा आहे का हे पेटंट ऑफिसचा अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, आधी ठरवणार. पेटंट देशात वापरलं की नाही हे सांगणारा फॉर्म २७ दरवर्षी भरावा लागायचा, आता तीन वर्षांतून एकदा. २०१२ ला नॅटको या भारतीय कंपनीला दुसऱ्याच्या पेटंटचं औषध बनवायचं सक्तीचं लायसन्स मिळून कॅन्सरचं महिन्याला २ लाख ८० हजारांचं औषध ८,८०० ला आलं, त्या केसमध्ये याच फॉर्मचे आकडे कामी आले होते. कंपन्यांना तेवढाही कागद जड झाला म्हणे!

आपल्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) शास्त्रज्ञ माशेलकर हळदीवरच्या अमेरिकन पेटंटविरुद्ध भांडले म्हणून आपण पुणेकर अजून कॉलर ताठ करतो. ते पेटंट १९९७ ला रद्द झालं कारण तिथे बाहेरच्या कुणालाही फेरतपासणी मागता येते. ते दार तिकडे उघडं होतं म्हणून टाळ्या, आणि इकडे त्यालाच कडी घालायची, याला रिफॉर्म म्हणायचं का? निदान पेशंट आणि त्यांच्या संघटनांना तरी फी माफ करा, फॉर्म २७ परत दरवर्षी आणा, मग सॉफ्टवेअरवर काय ते निवांत बोलू.