दोन कर्नल आणि एक काटा

काजूच्या धंद्यात गराला सरळ ‘कर्नल’ म्हणतात. मला हे गोव्यातल्या वाळपईला गेल्यावर कळलं. डब्ल्यू-320 ही प्रत म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त 320 पांढरे अख्खे कर्नल. त्यामुळे मी तिथल्या काजू कारखान्याच्या शेटना फोनवर म्हणालो, “बहुतेक कर्नलच्या बाजूला काहीतरी आहे,” तेव्हा पलीकडून लगेच आवाज आला, “माझ्या कर्नलला काय झालंय? कालच कोचीच्या पार्टीला पाठवलाय!”

माझा कर्नल म्हणजे लिनक्सचा, संगणक चालवणाऱ्या त्या प्रणालीचा गाभा. फोंड्यात आम्ही तिघे मिळून लहान कारखान्यांसाठी यंत्रं जोडून देतो, आणि बाजारात ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची कर्नलशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, मिळत नाही त्याचा मी लिहितो. सत्तरी तालुक्यातल्या या काजू कारखान्याला आम्ही एक काटा करून दिला होता. खाली वजनाचा सिग्नल करणारा लोडसेल, मग सिग्नलचा आकडा करणारी चिप, तिच्यामागे तळहाताएवढा 32-बिट एआरएम प्रोसेसरचा बोर्ड आणि त्यावर माझं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये बसवायचा ड्रायव्हर. सोलणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर मिळते. डबा काट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं, त्या बाईच्या नंबरापुढे वजन नोंदलं जातं. एवढंच काम.

जुलैत तक्रार आली की लाइट गेली की काटा अडकतो. अडकतो म्हणजे बंद पडत नाही, तर प्रत्येक डब्याला तेच वजन दाखवतो. अकरा बायकांच्या नावापुढे ओळीने 6.480. भांडण व्हायला याहून जास्त काय लागतं?

सत्तरीत पावसाळ्यात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मी फोनवरच निदान करून टाकलं: व्होल्टेज. शेटनी स्टॅबिलायझर बसवला. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग नवं केलं, जमिनीत मीठ-कोळसा भरून. आठवड्यात पुन्हा 6.915, नऊ वेळा. मग मात्र लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी उसगावमार्गे निघालो.

काट्यावर एक मावशी असतात, पन्नाशी उलटलेल्या, वही कंबरेला खोचलेली. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून त्या वेगळी वही ठेवत. माझ्या दृष्टीने ती वही म्हणजे सोन्याची खाण, पण हे कळायला मला दुपार झाली. सकाळभर मी वायरी हलवत होतो, मेन स्विच बंद-चालू करत होतो, चिपच्या पायांवर मल्टीमीटर धरत होतो. काटा ठणठणीत. लाइट दहा वेळा घालवली तरी अडकला नाही, कारण बोर्ड उठला की वीस किलोचं वजन एकदा ठेवून बघायचं आणि आकडा बरोबर आला की पुन्हा स्विच बंद, असं माझं चाललं होतं.

“पुता, तू फार घाई करतोस,” मावशी म्हणाल्या. “बंद करून चालू केला की पाच मिनिटं बरा चालतो. मग अडकतो.”

“दरवेळी?”

“दरवेळी नाही. सकाळी कधीच नाही. वॉचमन सातला स्विच टाकतो, आम्ही आठला बसतो. दिवसभर काही नाही. मधे लाइट जाऊन आली आणि आम्ही लगेच वजनं घ्यायला लागलो, की अडकतो. परवा लाइट आली तेव्हा आम्ही जेवत होतो, तेव्हा नाही अडकला.”

पाच मिनिटं. हा आकडा ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण कर्नलमध्ये ‘पाच मिनिटं’ कुठे येतात हे मला माहीत होतं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये जिफीज नावाचा एक मोजक असतो. घड्याळाचा टिक पडला की एकाने वाढतो. आमच्या बोर्डावर सेकंदाला शंभर टिक. 32-बिट यंत्रावर तो 4294967295 पर्यंत जातो आणि मग जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या मीटरसारखा शून्यावर येतो. शंभरच्या गतीने याला साधारण 497 दिवस लागायला हवेत. म्हणजे चूक असली तरी ती दीड वर्षाने उगवणार, आणि तोवर लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असणार. हे ओळखून कर्नलवाल्यांनी मुद्दाम एक खोडी करून ठेवली आहे: मोजक शून्यापासून सुरूच होत नाही. शून्यावर यायला 300 सेकंद उरलेत अशा जागेवरून सुरू होतो. म्हणजे बोर्ड बूट झाल्यावर, म्हणजे उठल्यावर, बरोबर पाच मिनिटांनी मीटर उलटतो आणि ज्याने हिशोब चुकवलाय तो पकडला जातो.

मी पकडला गेलो होतो. लॅपटॉपवर फाइल उघडली. वैतागलेली मंडळी बटण तीनतीनदा दाबतात आणि एका डब्याची तीन वेगवेगळी वजनं येतात, म्हणून मी ड्रायव्हरमध्येच नियम घातला होता की दोन सेकंदांच्या आत पुन्हा विचारलं तर चिपला त्रास द्यायचा नाही, जुनाच आकडा परत करायचा. (असलं धोरण ड्रायव्हरमध्ये ठेवू नये, वरच्या प्रोग्रॅममध्ये ठेवावं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिथे एक ओळ लागत होती, म्हणून.) ही युक्ती तापमान मोजणाऱ्या चिपांच्या ड्रायव्हरांत मी पाहिली होती. तिथे त्यासाठी टाइम_आफ्टर नावाचा मॅक्रो, म्हणजे कोडचा तयार तुकडा, वापरतात. मी मात्र ‘जिफीज पुढच्या वेळेपेक्षा लहान आहे का’ असं सरळ लिहून मोकळा झालो होतो. कोणती ओळ कोणी लिहिली याची नोंद ठेवणाऱ्या गिटने त्या ओळीपुढे नाव दाखवलं, ते माझंच.

आता मावशींची वही वाचता येऊ लागली. लाइट आली, चौथ्या मिनिटाला एक डबा ठेवला. पुढची वेळ, म्हणजे दोन सेकंदांनंतरची, ठरली 4294961496. पाचव्या मिनिटाला मीटर उलटला. पुढचा डबा आला तेव्हा जिफीज होता जेमतेम 3000. तीन हजार हा आकडा चारशे कोटींहून मोठ्या त्या आकड्यापेक्षा लहान, म्हणजे दोन सेकंद अजून झालेच नाहीत, म्हणून जुना आकडा. आणि ते दोन सेकंद संपायला 497 दिवस. सकाळी पहिला डबाच पाऊण-एक तासाने येई, तोवर मीटर उलटून गेलेला, म्हणून दिवसभर सुखरूप. जेवणातही तेच. लाइटचा संबंध होता, पण इतकाच की तिच्यामुळे बोर्ड नव्याने उठे.

आमच्याकडे हे का दिसलं नाही? लॅपटॉप 64-बिट, तिथे मोजक ती सीमा ओलांडून मजेत पुढे जातो. बोर्डावर चोवीस तासांची चाचणी घेतली होती, पण ती करणारी स्क्रिप्ट दर सेकंदाला वाचत होती. सतत विचारत राहिलं की हा सापळा जवळजवळ कधीच मिटत नाही. माणसासारखं थांबून थांबून बटण दाबायला हवं होतं.

दुरुस्ती एका ओळीची. टाइम_आफ्टर दोन आकड्यांची वजाबाकी करून ती चिन्हासकट बघतो, त्यामुळे मीटर उलटला तरी कोण पुढे ते कळतं. मॉड्यूल बांधलं, बोर्डावर नेलं, इन्समॉड या आज्ञेने कर्नलमध्ये घालायला गेलो, तर ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. बाहेर पाऊस कोसळतोय आणि शेट पाठीशी उभे. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, बघितलं तर व्हर्मॅजिक, म्हणजे मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलंय त्याचा शिक्का, जुळत नव्हतं: बोर्डावरचा कर्नल 5.10.100, माझा 5.10.100 आणि पुढे अधिकचं चिन्ह. कर्नलच्या सोर्स कोडमध्ये मी मधे कधीतरी एक बदल नोंदवला (कमिट केला) होता, त्याची ही शेपटी. जबरदस्तीने लोड करायचा पर्याय असतो, पण दिवसभरात एक शहाणपण पुरे झालं होतं. लोकलव्हर्जन, म्हणजे ही शेपटी ठरवणारी जागा, रिकामं देऊन तयारी पुन्हा केली, मॉड्यूल पुन्हा बांधलं, आणि ते मुकाट बसलं.

“मग स्टॅबिलायझर कशाला घेतला मी?” शेटनी विचारलं. याला उत्तर नव्हतं. पुढच्या बिलातून तेवढे पैसे मी कापले.

त्या दिवशीचे डबे अजून रिकामे झाले नव्हते. आधीच्या दिवसांचं काय करायचं ते मावशींच्या वहीवरून ठरलं. त्यांनी प्रत्येक डबा भरलेला किती, अंदाजाने का होईना, लिहून ठेवला होता, आणि शेटनी त्यात कमी-जास्त न करता तोच मान्य केला. आजचे डबे पुन्हा मोजायला घेतले. मी नंबर लिहीत होतो. सात नंबरच्या डब्याशी खोलीभर काळोख झाला.

दहा मिनिटांनी लाइट आली. बोर्डाचा हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत मावशींनी सात नंबरचा डबा उचलून काट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. 7.120. मग वही मिटून त्या स्टुलावर बसल्या. कोणी आठवा डबा पुढे सरकवला तर हातानेच थांब म्हणाल्या. सहा मिनिटं कोणी काही बोललं नाही, पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता.

“आता आण,” त्या म्हणाल्या.

5.865.