पाळी, फूट आणि टीएमसी

पावसाळ्यात परगावच्या नातेवाइकाचा फोन आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "राजारामला किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी मात्र उन्हाळ्यात हेच पंचगंगेचे पाणी तासांत मोजले जाते. पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी, म्हणजे शेतांना पाणी सोडणारा माणूस, वहीत पाळ्या मांडतो, आणि रात्री दोनची पाळी आली तर बॅटरी घेऊन बांधावर जाण्यावाचून गत्यंतर नसते. गेल्या मे महिन्यात आमची पाळी नेमकी उपसाबंदीत, म्हणजे नदीतून पाणी उपसायला मनाई असलेल्या दिवसांत, सापडली आणि खोडव्याची (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाची) पाने दुपारी सुरळी होऊ लागली.

संस्था पाणीपट्टी एकरावर घेते, तर २००५च्या कायद्याने आलेले जलसंपत्ती नियमन प्राधिकरण घनमापाची भाषा बोलते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर कोणाशीच बोलत नाहीत. धरण भरले की एकेका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी आपोआप पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत उतरते. त्याही वर, पंचगंगा जिला मिळते त्या कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणारे लवाद आहेत. बच्छावत लवादाने १९७६मध्ये कृष्णेचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिले, आणि २०१०मध्ये ब्रिजेशकुमार लवादाने कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली.

लवादाचा हिशेब वर्षाचा असतो, आणि २०१९चा पूर आम्हाला नडला तो ऑगस्टमधल्या मोजक्या दिवसांत. अलमट्टीमुळे आपल्याकडे फुगवटा, म्हणजे मागे तुंबणारे पाणी, किती येतो, यावर अभियंत्यांत मतभेद आहेत आणि त्यात पडण्याची माझी योग्यता नाही. पण कोणते पाणी कोणत्या दिवशी सोडायचे, हा प्रश्न वार्षिक वाटपाच्या आकड्यांतून सुटणारा नाही, एवढे मला दिसते. वेळ हेच ज्याचे माप आहे असा या सगळ्या उतरंडीत आमचा पाटकरीच, आणि त्याची वही गावाबाहेर कोणी मागितलेली नाही.

पावसाच्या तोंडावर गावच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढावे लागतात. लवकर काढले तर उसाचे शेवटचे पाणी हुकते, उशीर झाला तर नदी तुंबून काठची माती ढासळते. यंदा बरगे निघाले तेव्हा पाणी गढूळ व्हायला लागले होते, आणि पाटकऱ्याच्या वहीत अजून तीन पाळ्या शिल्लक होत्या.